झोन सर्व्हे नंबराचा नव्हे, गावाचा ठरवा

प्रति,
माननीय नगर नियोजन मंत्री,
गोवा राज्य, पणजी

पेडणे, ऑगस्ट २०२५

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावरचा बागायतदार. माझ्या घरामागे जांभ्या दगडाचा सडा, घरापुढे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आणि त्याखाली भातशेत. चार महिने सडा पाऊस पितो आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत झरीवाटे तेच पाणी आम्हाला पुरवतो. पोफळी त्या झरीवर उभ्या आहेत, वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचे, पीक तिच्याच जिवावर निघते. सरकारी कागदावर मात्र सडा एका सर्व्हे नंबरात, झरी दुसऱ्यात आणि शेत तिसऱ्यात.

२०२४ मध्ये नगर नियोजन कायद्यात आलेले ३९ए कलम याच तुकड्यांवर चालते. जमीनमालक अर्ज करतो, त्याच्या तुकड्यापुरता झोन, म्हणजे जमीन शेतीची की वस्तीची हा शेरा, बदलण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध होतो आणि लोकांना हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. ऐन लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या माणसाने ती सूचना कधी वाचायची, आणि नुसत्या सर्व्हे नंबरावरून आपली झरी त्यात येते की नाही हे कसे ओळखायचे? आमच्या जवळच्या एका जमिनीच्या बदलाची खबर वाड्यावर पोहोचली तेव्हा मुदत उलटून गेली होती. शेत आमचे अजून शेतच आहे. पण वरचा सडा काँक्रीटखाली गेला तर त्या शेताला पाणी कुठून येणार?

त्याआधीचे त्याच कायद्यातले १७(२) कलम आराखड्यातल्या झोनच्या चुका दुरुस्त करण्यासाठी म्हणून आणले होते. यंदा मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. त्यानंतर तरी खात्याने थांबून विचार करायला हवा होता.

गोव्याला हे नवीन नाही. राज्यातल्या जमिनीचा वापर ठरवणारा, २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोक रस्त्यावर उतरल्यावर २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. मग प्रादेशिक आराखडा २०२१ करताना नकाशे पंचायतींकडे आले, ग्रामसभांत चर्चा झाली. त्यातही उणिवा राहिल्या, हे मी नाकारत नाही. पण कुठे पाणी साचते, कुठली पायवाट देवळाकडे जाते, कुठल्या डोंगराची माती सुटते हे गावाने स्वतः सांगितले होते. २०१२ मध्ये तोही बासनात गेला. २०२३ मध्ये आमच्या तालुक्याचा झोनिंगचा मसुदा आला आणि विरोधानंतर परत गेला. तेव्हा आम्हाला वाटले, आता आधी विचारतील.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधल्या आमच्या जमिनीवर सगळ्यांची नजर आहे. घरे लागणार, रस्ते लागणार. आमच्याही मुलांना इथेच संसार थाटायचे आहेत. वाढीला आमचा विरोध नाही. राज्यघटनेच्या २४३झेडडी कलमाने जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा करण्याचे काम जिल्हा नियोजन समितीवर सोपवले आहे आणि तिचे चार पंचमांश सदस्य पंचायती व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायचे असतात. जमिनीचा निर्णय त्या वाटेने होऊ द्या.

तेव्हा ३९ए रद्द करा. ते होईपर्यंत आलेले अर्ज स्थगित ठेवा. प्रत्येक गावातले सडे, झरी, ओहोळ, खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध नकाशावर आणा आणि तो नकाशा मराठीत व कोकणीत पंचायतीच्या भिंतीवर लावा. वस्ती कुठे वाढवायची ते त्यानंतर ग्रामसभेत ठरू द्या.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली आहे. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी आंबाडे, करमळ, घागऱ्या आणायला पोरे सड्यावर जातील. चवथ झाली की आपले अधिकारी नकाशा घेऊन आमच्या ग्रामसभेला पाठवा. आपण स्वतः आलात तर अधिक बरे. झरीवर मी घेऊन जाईन.

आपला,
पेडण्यातील एक बागायतदार