चांदीचा चमचा विष ओळखत नाही

महोदय,

पावसाळ्यात सावंतवाडीच्या बाजारात पानांवर मांडलेली अळंबी दिसू लागतात. आमच्याकडे ती निवडायचं काम सासूबाईंचं. वारुळावरचीच हवीत आणि देठ मुळापासून उपटलेला हवा, हा त्यांचा हट्ट. तो बरोबरच होता. वाळवीच्या वारुळावर येणाऱ्या अळंब्याचा देठ जमिनीखाली मुळासारखा लांब गेलेला असतो. वरूनच कापलं की ही खूण मातीत राहते.

हल्ली मात्र व्हॉट्सॲपवर निराळंच ज्ञान फिरतं. शिजवताना लसूण किंवा चांदीचा चमचा टाका, काळा पडला तर विषारी. किडे लागलेली असली तर बिनधास्त खा. शुद्ध थापा! अमानिटा वंशातल्या काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात, मग रोग्याला जरा बरं वाटतं आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. हिरवळीवर उगवणारी एक मोठी पांढरी छत्रीही अशीच फसवी: टोपीखालचे पडदे जून झाल्यावर हिरवट होतात, कोवळेपणी पांढरेच. तिनेही पोट चांगलंच बिघडतं.

आरोग्य खात्याने हंगामाआधी आठवडी बाजारांत रंगीत फलक लावावेत. त्यावर एक ओळ ठळक हवी: त्रास झाल्यास बरं वाटण्याची वाट न पाहता, उरलेलं अळंबं कागदात गुंडाळून सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

– एक गृहिणी, सावंतवाडी