भुर्जी नव्हे, पाव आवरा

महोदय,

मधुमेह झाला की अंडी बंद, हा समज तपासून पाहायला हवा. कारण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असली, तरी कर्बोदके जेमतेम अर्धा ग्रॅम असतात. साखर वाढते ती पुण्यातल्या गाड्यांवर भुर्जीसोबत मिळणाऱ्या, लोण्यात परतलेल्या मैद्याच्या पावांमुळे. कांदा, टोमॅटो आणि मूठभर मेथी घातलेली तीच भुर्जी ज्वारीच्या एका भाकरीबरोबर, काकडीच्या कोशिंबिरीसह खाल्ली, तर साखरेची उसळी बरीच आटोक्यात राहते (भाकरीही मोजूनच, हे ओघाने आलेच). अंडाकरीत बटाटा तरी कशाला हवा? कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी मात्र बलकाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गाडीवाल्यांनी पावाऐवजी भाकरीचा पर्याय ठेवल्यास अनेकांची सोय होईल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे