खान्देशातल्या बाळांनी श्वासासाठी मुंबईच गाठायची का?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

तान्ह्या बाळांच्या श्वासनलिकेत घालायची बारीक दुर्बीण दिवाळीपर्यंत जिल्ह्यात येईल, असा शब्द आम्हाला भर सभेत मिळाला होता. दिवाळी गेली. गेल्या आठवड्यात लेकीचा श्वास पुन्हा घरघरला आणि पुन्हा तेच कानावर आलं, "मुंबईला न्या."

दोन महिन्यांची असताना श्वास ओढताना तिची शिट्टी वाजायची, बरगड्यांखाली खड्डा पडायचा. एका दवाखान्यात सर्दी सांगितली, दुसऱ्यात निमोनिया. स्टेरॉइड दिलं की दोन दिवस बरं, मग परत तेच. हनुवटीखाली लाल डाग उठला होता. तो मी प्रत्येक डॉक्टरला दाखवला. आवाजाशी त्याचा संबंध कुणीच जोडला नाही. शेवटी गळ्यातलं मोडून निघालो. कसारा घाटात ऑक्सिजनचा काटा उतरत होता आणि मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

मुंबईत भूल देऊन दुर्बीण घातली, तेव्हा स्वरयंत्राच्या खाली रक्तवाहिन्यांची गाठ दिसली. हिमँजिओमा. हनुवटीखालचा लाल डागही त्याच जातीचा. तान्ह्या बाळाची तिथली वाट जेमतेम ४-५ मिलिमीटरची. चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तरी निम्म्याहून जास्त बंद! आणि औषध काय, तर प्रोप्रॅनोलॉल, रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध. त्याने ही गाठ आटते हे २००८ पासून जगाला माहीत आहे. दूध पाजून द्यायचं, रक्तातल्या साखरेवर लक्ष ठेवायचं. एवढ्यासाठी आमचं घर धुऊन निघालं, साहेब.

आशाताईंच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी संपतात, पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. हा आजार बहुतेकदा नेमका त्याच मधल्या काळात डोकं वर काढतो. आशाताईंना मी बोल लावत नाही, त्यांच्या मागे आधीच सतरा कामं लावली आहेत. पण योजना आखणाऱ्यांना हे दिसू नये? फीत कापायला सगळे हजर असतात. बाळाला भूल देणारा डॉक्टर मात्र येत नाही, आला तर टिकत नाही. कापूस आमचा, केळी आमची, मतं आमची, उपचार तेवढे मुंबई-पुण्याला! धडगाव-अक्कलकुव्याच्या आईला तर आधी सातपुडा उतरावा लागतो.

दुर्बीण कोणत्या तारखेला येणार आणि ती चालवायला कोण असणार, हे लेखी कळवा. तोवर जळगाव, धुळे, नंदुरबारला एक आदेश तरी काढा: बाळाच्या श्वासाला आवाज आणि तोंडा-मानेवर लाल डाग एकत्र दिसले, तर त्याच दिवशी त्याला ऑक्सिजन असलेल्या गाडीतून पुढे पाठवायचं.

आपली,
चोपडा तालुक्यातली एक आई