मेटल डिटेक्टर म्हणजे केरसुणी नव्हे

मा. संपादक,
स. न.

सुगी आली की येळ्ळूर शिवारातली माणसं माझं दार वाजवतात. कुणाचं मंगळसूत्र मळणीत तुटलेलं, कुणाची अंगठी भाताच्या धसकटांत पडलेली. फौजेत सुरुंग शोधायचं यंत्र चालवलं, म्हणून गावाला वाटतं मला सोन्याचा वास येतो.

गेल्या सुगीत आमच्याच भावजयीच्या कानातलं फूल पडलं. पुतण्यानं भाड्यानं मेटल डिटेक्टर आणला आणि अर्धा दिवस केर काढावा तसा सपासप फिरवला. निघाले काय, तर बैलांच्या पत्रीचे खिळे. "काका, मशीनच बोगस!"

मशीन चांगलं होतं. दांड्याच्या टोकाची तबकडी भरभर गेली की खिळ्याचा सिग्नल विरायच्या आत सोन्याचा येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. लोखंडाचे सिग्नल वगळायची सेटिंग चालू असली तर सोन्याचाही त्यांच्यासोबत वगळला जातो. वर पोराचा हात झोपाळ्यासारखा, दोन्ही टोकांना तबकडी वीतभर वर. जितकी वर, तितकी खोली कमी. फौजेत उस्तादानं पाठीत घातली असती.

मग मी घेतलं. तबकडी धसकटांना लागेल न लागेल अशी, डावीकडून उजवीकडे जाऊन परत येईतो मनात चार आकडे, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढवलेला. तिसऱ्या वाफ्यात, बांधाजवळ, खिळ्याच्या कुरकुरीला चिकटून एक बारीक सूर आला. दोन बोटं खाली फूल होतं. फिरकी गेली ती गेलीच.

पण म्हणून गोगलगायही होऊ नका. यातली बहुतेक यंत्रं तबकडी हलती राहिली तरच नीट चालतात. सावकाश बदलणारा सिग्नल ती मातीचा समजून टाकून देतात. खोलवरच्या वस्तूचा सिग्नल आधीच मंद आणि पसरट. तुम्ही फारच रेंगाळलात तर तोही मातीत जमा. जागा नेमकी करायच्या पिनपॉइंटला तेवढी तबकडी थांबवली तरी चालते. खानापूरकडच्या जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर, तिथं यंत्र आधी मातीशी जुळवून घ्यावं लागतं.

भाडं घेणाऱ्यांनी एवढं पाच मिनिटं दाखवून द्यावं, ही विनंती. आणि 'गडावर नेऊ का?' विचारणाऱ्या पोरांसाठी: गुप्तधन सापडलं तर कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आमच्याकडे भात निघालं की मसुरीची घाई. काही हरवलं असेल तर नांगर घालायच्या आधी या, नंतर दोन बोटांचं वीतभर खाली जातं.

– एक माजी सैनिक, येळ्ळूर (ता. बेळगाव)