बाबांचं पोट आणि आत्याची धडधड

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोनवर पोटाचा विषय निघाला की बाबा "बरं बरं, जेवलीस का" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, डॉक्टरांनी पोटासाठी लिहून दिलेली ती रात्रीची 10 मिलिग्रॅमची अमिट्रिप्टिलिन तुम्ही लगेच बंद केलीत, का तर मेडिकलवाला म्हणाला ही डिप्रेशनची गोळी. आणि वर आईला म्हणालात, मी काय वेडा झालोय व्हय?

कुठं लग्नाला निघायचं असलं, कोर्टाची तारीख असली की तुमचं आधी पोट, मग बाकी सगळं. एसटी कुठं थांबते ते आधी विचारणार, गावात गेलं तरी पहिली नजर संडास कुठंय. याला आयबीएस म्हणतात, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याचा चिडका आजार. कोलोनोस्कोपी, ती मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून केलेली तपासणी, नॉर्मल आली म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही असं नव्हे. आयबीएसमध्ये आतड्याला जखम दिसत नाही पण आतडं आणि मेंदू यांच्यातलं देणंघेणं बिघडलेलं असतं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशी आहेत, मूडशी जोडलं जाणारं सेरोटोनिन नावाचं रसायन शरीरातलं 90 टक्क्यांच्या आसपास मेंदूत नाही, पोटात असतं.

आता मुद्द्याचं. 2021 मध्ये नेचर जेनेटिक्स या विज्ञान-मासिकात एक मोठा अभ्यास आला, केंब्रिजच्या लोकांनी इतर देशांतल्या संशोधकांबरोबर केलेला. आयबीएसचे 53,400 पेशंट आणि आयबीएस नसलेले 4,33,201 लोक यांचा डीएनए ताडून बघितला आणि 6 जागा सापडल्या जिथं दोघांत फरक आहे. मला वाटलेलं पचनाची, ॲसिडची वगैरे जीन्स निघतील. निघाली काय, तर एनकॅम1, कॅडम2 असली, त्यातली बरीचशी मज्जासंस्थेत काम करणारी, आणि सहातल्या चार जागांचा संबंध अँक्झायटी (घाबरं होणं, सततची काळजी) व मूडच्या आजारांशी, मज्जासंस्थेशी किंवा दोन्हींशी लागतो.

हे वाचलं आणि मला पहिली आत्याच आठवली. नवरात्रात महाद्वार रोडच्या गर्दीत तिला धडधड, घाम, हार्ट ॲटॅक आला म्हणून आरडाओरडा, ईसीजी मात्र नॉर्मल. तुम्ही तिला "नाटकं करू नको" म्हणता आणि ती तुम्हाला म्हणते, फार विचार करतोस म्हणून पोट बिघडतं. खरं सांगायचं तर दोघंही चुकताय. त्या संशोधकांचं म्हणणं असं की आयबीएस आणि अँक्झायटी, यातल्या एकामुळं दुसरं होतं असं नाही, मूळच काही प्रमाणात सामायिक आहे. एका विहिरीवर दोन मोटा चालाव्यात तसं. आपल्या घरात नेमकी हीच जीन्स आहेत असं मी म्हणत नाही हं, कुणी तपासलेली नाहीत आणि तपासून उपचार काही बदलणार नाहीत, पैसे तेवढे जातील. आणि अनुवंशिकतेचा वाटाही तसा लहानच, त्या मोजणीत जेमतेम 6 टक्के, बाकी मग खाणंपिणं, लहानपणीची अँटिबायोटिक्स, घरातलं वातावरण हे सगळं आलंच. त्यामुळं आई, तांबड्या रश्श्याला शिव्या द्यायला तुला अजून जागा आहे :)

राहिली गोळी. 2023 मध्ये इंग्लंडमध्ये आयबीएसच्या 463 पेशंटवर हीच गोळी तपासली, अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना खोटी, 10 मिलिग्रॅमपासून 30 पर्यंत. सहा महिन्यांनी खऱ्या गोळीवाल्यांना चांगलाच जास्त आराम होता, आणि गंमत म्हणजे त्यांच्या अँक्झायटी-डिप्रेशनच्या मार्कांत खोट्या गोळीवाल्यांपेक्षा काही फरक नव्हता. म्हणजे गोळी मन बदलून पोट बरं करत नव्हती. डिप्रेशनला तर याच्या कितीतरी पट डोस लागतो. आता मेडिकलवाल्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

पण आपल्या मनानं परत चालू करू नका. आधी डॉक्टरांना सांगा की बंद केलेली, आणि प्रोस्टेटचा त्रास आणि मागं ठोके चुकत होते तेही सांगा, कारण या गोळीनं लघवी अडकू शकते, तोंड कोरडं पडतं, झोप येते, रात्री उठताना तोल जातो. तुमच्या वयात हे बघावंच लागतं, कदाचित ते दुसरं काही देतील. आणि शौचातून रक्त गेलं किंवा वजन उतरायला लागलं तर ते आयबीएस समजून घरी बसायचं नाही. आई, यावर लक्ष तू ठेव, बाबा सांगणार नाहीत.

आत्याला हे वाचून दाखवा. फक्त "मानसिक" शब्द आला की ती उठून जाईल, त्यामुळं सुरुवात त्या सहा जागांपासून करा, मग टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, 14416, सरकारचा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तुमची,
धाकटी