बाबा, अंगणात एक डबा ठेवा

डोंबिवली,
आषाढाचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आवाज तुटत होता, त्यामुळे बोलणं अर्धंच राहिलं. आई, तू पुन्हापुन्हा विचारत होतीस, "पोरं घरात दिवसभर करतात तरी काय गं?" त्याचं उत्तर एवढ्याशा फोनमध्ये मावणारं नाही, म्हणून हे पत्र. शिवाय शेवटी बाबांकडे एक काम आहे, तेही नीट समजावून लिहायचंय.

इथली परिस्थिती सांगते. रेड अलर्ट आला की रात्री जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, शाळेच्या ग्रुपवर 'उद्या सुट्टी' येऊन पडतं आणि ओवी-चिनू सोफ्यावर नाचायला लागतात. तो आनंद सकाळी नाश्त्यापर्यंत टिकतो. अभय बेडरूममध्ये दार लावून लॅपटॉपसमोर, माझ्या मीटिंगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून कपडे वाळत टाकलेले. वाळत कसले, नुसते लोंबत असतात. त्या चादरींखाली चिनूचा तंबू असतो. तंबूत उश्या, टॉर्च, कुरमुऱ्यांचा डबा आणि मी मागच्या आठवड्यापासून शोधत असलेलं लाटणं.

मोबाइल आणि टीव्ही आहेतच, ते तुझ्यापासून लपवत नाही. मीटिंग महत्त्वाची असली की मी सरळ कार्टून लावून देते. पण ते बंद केल्यावर जी किरकिर सुरू होते ती मुळातल्या कंटाळ्यापेक्षा वाईट. कंटाळलेलं पोर थोड्या वेळाने काहीतरी शोधून काढतं, कार्टूनवरून उठवलेलं पोर फक्त मागतं. नेटवर 'पावसाळ्यात मुलांना रमवण्याचे उपक्रम' म्हणून खूप काही असतं. रंगीत कागद आणा, चमकी आणा, गोंद आणा. मांडामांड करण्यात आईचा तास जातो, पोरांचं दहा मिनिटांत आटपतं आणि गोंद पुसायला पुन्हा आईच. मी त्या वाटेला जात नाही.

खरं चालतं ते घरातलं काम. परवा बिरड्यासाठी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून दोघांना परातीशी बसवलं. आई, तुझ्यासमोर बसून मी सोलायचे तेव्हा मला ती शिक्षा वाटायची! चिनूने पहिला वाल अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबला तसा तो सालातून टुणकन उडाला आणि थेट अभयच्या चपलेत. मग काय, शर्यतच. सालं एका वाडग्यात आणि दाणा समोरच्या पातेल्यात उडाला तर एक गुण, बाहेर पडला तर उठून शोधून आणायचा आणि धुऊन टाकायचा. ओवीने थोड्याच वेळात ओळखलं की मोडाच्या बाजूने धरलं तर नेम लागतो. सगळे वाल सोलून झाले, माझी मीटिंगही झाली. दोन दाणे नंतर केर काढताना कपाटाखाली सापडले. उद्या दिव्यांच्या अवसेसाठी समया घासायच्या आहेत. चिंच कोळून ठेवली आहे. काळी पडलेली समई हातात पिवळी व्हायला लागली की पोरं सोडत नाहीत, हे माझ्या लक्षात आहे, कारण मीही सोडत नसे.

खेळही आहेत. बदाम सात, झब्बू आणि नाव-गाव-फळ-फूल. चिनूला लिहिता येत नाही, तो तोंडी खेळतो आणि प्रत्येक अक्षराला 'फळ: आंबा' म्हणतो. ते आम्ही मान्य केलंय. काचापाणी शिकवावं म्हटलं तर घरात फुटलेली बांगडीच नाही, आणि नियमही मला अर्धवट आठवतात. ते तू सांग.

आता बाबांचं काम. याची सुरुवात ओवीच्या प्रश्नातून झाली. टीव्हीवर 'रेड अलर्ट' ऐकून तिने विचारलं, म्हणजे नक्की किती पाऊस? मी हवामान खात्याची वर्गवारी काढून दाखवली. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर गेला की सगळ्यात वरची पायरी. मग तिला २६ जुलै २००५ सांगितला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. बाबा, तुम्ही त्या रात्री ऑफिसात टेबलावर झोपलात आणि दुसऱ्या दिवशी चिखलाने माखलेली पँट घेऊन आलात, ती गोष्ट तर आता रोज झोपताना सांगावी लागते. फूटपट्टी लावून दाराच्या चौकटीवर ९४४ मिलिमीटरला पेन्सिलीने रेघ मारली. एवढा पाऊस सपाट जागी पडून कुठेही वाहून गेला नाही, तर पाणी ओवीच्या छातीच्या वर आणि चिनूच्या हनुवटीला. चिनू रेघेला टेकून उभा राहिला आणि बराच वेळ मान वर करून होता.

त्यावर ओवी म्हणाली, आपण मोजू. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, आम्हीही तीच वेळ धरली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. तळापासून तोंडापर्यंत सारखा रुंद असला की झालं. बाटली नको, तिचा तळ आत गेलेला असतो, आकडा चुकतो. गच्चीवर टाकीपासून लांब, उघड्यावर, दोन विटांवर ठेवला म्हणजे फरशीवरचे शिंतोडे उडून आत जात नाहीत. वाऱ्याने उडू नये म्हणून भोवतीने आणखी विटा. वर जायचं ते अभयने किंवा मी, पोरं जिन्यात छत्री धरून उभी.

पहिल्याच दिवशी चिनूचं भांडण. त्याचं म्हणणं, डबा लहान म्हणून पाऊस कमी आला, मोठं पातेलं ठेवा. ठेवलं शेजारी. दुसऱ्या सकाळी पट्टी बुडवली तर दोन्हीकडे उंची सारखीच. त्याने पातेल्यातलं पाणी डब्यात ओतून पाहिलं, डबा भरून वाहिला, आणि तो विजयी मुद्रेने म्हणाला, "बघ, पातेल्यात जास्त होता!" ओवीने कपाळाला हात लावला. तोंड रुंद असेल तर पाणी जास्त साठतं पण ते पसरतंही तेवढंच, हे त्याला पटायला अजून वर्ष-दोन वर्षं जावी लागतील. मी घाई करत नाही.

ओवीला मात्र त्यातून हिशेब सापडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमची गच्ची धरा ३०० चौरस मीटर. १०० मिलिमीटर पडला तर ३०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. आणि मे महिन्यात सोसायटी टँकर विकत घेते! हा आकडा तिने वहीत मोठा लिहून सेक्रेटरी काकांना दाखवला. त्यांनी 'वा वा' म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरले. तिसरीतल्या पोरीला सोसायटीच्या कारभाराची इतक्या लवकर ओळख व्हायला नको होती, पण झाली.

तर बाबा, तसाच एक डबा देवरुखच्या अंगणात हवा. पोरांना तुमच्याशी स्पर्धा लावायचीय. तुमच्याकडे पाऊस जास्त, ती बहुधा हरतील, पण हरल्याचा आकडाही त्यांना हवाय. साडेआठला मी व्हिडिओ कॉल लावीन, तुम्ही वहीत बघून आकडा सांगायचा. पण एक अट आहे आणि ती मी अगदी गंभीरपणे सांगतेय. डबा अंगणाच्या मधोमध ठेवायचा नाही. चिऱ्यांवर आत्ता शेवाळ आहे आणि तुमचा गुडघा कसा आहे हे आईने मला सांगितलंय, तुम्ही कितीही 'काही नाही गं' म्हणा. पायरीच्या बाजूच्या कठड्यावर ठेवा, कठडा धरून हात पोचेल असा. पागोळ्यांचं पाणी त्यात पडता कामा नये, एवढं बघा. ज्या दिवशी वारा असेल त्या दिवशी दूध घालायला येणाऱ्या मुलाला आणायला सांगा. काठी न घेता बाहेर पडलात तर त्या दिवशीचा आकडा बाद, हा नियम ओवीने आधीच वहीत लिहून ठेवलाय.

आई, तुझ्याकडे नक्षत्रं. आत्ता पुष्य चालू आहे, म्हणजे म्हातारा पाऊस, पुनर्वसूचा तरणा मागे पडला, एवढं मी सांगितलं. तेव्हापासून चिनू खिडकीत उभा राहून 'ए म्हाताऱ्या, थांब की' म्हणतो. मघा सासूंचा आणि पूर्वा सुनांचा, हेही सांगितलं, त्यावर अभयने माझ्याकडे बघणं टाळलं. आता त्यांना प्रत्येक नक्षत्राचं वाहन हवंय. पंचांगात बघून सांग, बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की पाऊस जोरात, असं तू म्हणायचीस. पोरं आधी पैज लावणार आणि मग डब्यात बघणार. ओवीचा यावर विश्वास नाही. चिनूचा पूर्ण आहे. तू कोणाच्या बाजूची हे उघड करू नकोस.

गणपतीला आम्ही येतोच. तोवर देवघराच्या खणात सागरगोटे असतील ते काढून ठेव. किडलेले टाकून दे, नीट वजनदार पाच हवेत, जमल्यास दोन जोड, नाहीतर भांडणं होतील. एक वर उडवून खालचा उचलायचा, एवढं मी पोरांना सुपाऱ्यांवर शिकवलंय, पण सुपारी हातात नीट बसत नाही. दोन-दोन आणि तीन-तीन उचलणं तुझ्याकडूनच शिकू देत.

बाबांच्या गोळ्या संपायच्या आत कळवा, पाऊस लागला की घाट बंद होतो आणि मग धावाधाव होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं का?

तुमची,
मनू

ता. क. : ओवी निक्षून सांगतेय, आबांनी आकडा मिलिमीटरमध्येच सांगायचा. 'धो धो' आणि 'बदाबदा' चालणार नाही.