तिजोरी हलवण्याआधी हे वाचा

सर्व सभासदांना रामराम.

लातूरच्या गंजगोलाई बाजारातून नव्या गाळ्यात सामान नेणाऱ्यांना कळकळीची विनंती: मोठ्या तिजोरीला स्वतः हात घालू नका. जुन्या तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये आग रोखणारा मसाला भरलेला असतो, त्यामुळं कमरेएवढी तिजोरीसुद्धा सहज 250-300 किलो भरते. क्विंटलचं पोतं जड झालं तर हमाल सोडून देतो. तिजोरी सोडली की खालच्याचा पाय जातो.

माझ्याच दुकानात चौघांनी पाइपांवरून ढकलली. कुलूप लावायचं राहिलं होतं. बरंचसं वजन दारातच. दार उघडलं आणि तिजोरी पुढं कलली. शहाबादी फरशीचे दोन तुकडे झाले, पुतण्याचं बोट चेपलं. अजून ते पूर्ण वाकत नाही.

मशिनरी हलवणारी माणसं चेन पुली, हायड्रा (चाकांवरची क्रेन) घेऊन येतात. त्यांना आधी जागा आणि जिना दाखवा, भाडं ठरवा, नुकसान झालं तर कोण भरणार ते लिहून घ्या. रोकड, दागिने, कागदपत्रं आदल्या दिवशीच काढा. किल्ली स्वतःच्या खिशात. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर इंजिनिअरला स्लॅब दाखवल्याशिवाय नेऊच नका.

40-50 किलोची लहान पेटी दोघांनी उचलायला हरकत नाही.

– सचिव